दाहाचे कारण : रुंजी

मणेराजुरीच्या माळावर एका द्राक्षबागेत फवारणी चालू होती. ड्रोन वेलींच्या ओळीवरून सरकत होता आणि बांधावर उभी राहून केतकी मगदूम तो चालवत होती. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरलं. छातीला लावलेल्या पट्टीचा अहवाल आला होता. आज येईल, उद्या येईल म्हणून ती किती दिवस घड्याळाकडे बघत होती. तिनं ड्रोन हवेत एका जागी थांबवला आणि मनगट डोळ्यांजवळ नेलं.

‘दाहाचे कारण : रुंजी.’

खाली दोन रेषांचा आलेख होता. एक रेष तिच्या उजव्या स्तनातल्या दाहाची, दुसरी रुंजी जवळ असण्याची. दोन्ही रेषा एकमेकींचा हात धरून वर चढत होत्या, खाली उतरत होत्या.

ड्रोन खाली घेताना तिचा हात चुकला. त्याचा एक पाय मांडवाच्या तारेत अडकला आणि पंख्यांनी कोवळी पानं भुरभुर उडवली. बागमालक धावत आले.

"काय झालं हो ताई?"

"काही नाही. वारं आलं एकदम."

वारं अजिबात नव्हतं.

रुंजी तिची मुलगी. खरं म्हणजे अजून कायद्यानं व्हायची होती. केतकी आणि तिचा नवरा सन्मती यांचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं, त्याला तीन वर्षं झाली होती. त्यानंतर पुन्हा दिवस राहिले नाहीत. थंडीच्या सुरुवातीला एका संस्थेतून ही तान्ही पोर घरी आली. अंतिम आदेश व्हायला काही महिने लागतात. तोवर मूल सांभाळायला दिलेलं असतं एवढंच. कागदावर तिचं नाव दुसरंच होतं, पण ती घशातल्या घशात सारखी गुणगुणायची म्हणून घरात सगळे तिला रुंजी म्हणू लागले. पट्टीनं तेच नाव उचललं होतं.

पोर घरात आली आणि संक्रांतीच्या सुमाराला केतकीच्या उजव्या स्तनात गाठ लागली. सांगलीतल्या पहिल्या डॉक्टरांना ते गळू वाटलं. त्यांनी चीर देऊन पू काढला. थोड्याच दिवसांत शेजारी दुसरं गळू आलं. मग कॅन्सरची भीती, ती गेल्यावर क्षयाची. तुकडा काढून तपासला तेव्हा दोन्ही नव्हतं. मिरजेच्या डॉक्टर निलोफर मुजावर स्तनाच्या विकारांवरच काम करायच्या. त्यांनी दुखण्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि मग कागदावर एक गोल काढला.

"आपल्या शरीरात राखणदार पेशी असतात," त्या म्हणाल्या. "एखादी परकी वस्तू दिसली आणि ती संपवता आली नाही, तर त्या तिच्याभोवती कडं करतात. कडं घट्ट होऊन गाठ होते, गाठ आतून सडते, पू वाट मिळेल तिथून बाहेर पडतो. तुमच्या स्तनात या राखणदारांना काहीतरी खुपतंय. काय खुपतंय, ते मात्र मला अजून दिसत नाही."

स्टिरॉइडनं गाठी बसल्या, पण केतकीचा चेहरा सुजून भोपळ्यासारखा झाला आणि साखर वाढली. गोळी कमी केली की गाठी परत. एका सर्जननं तर सगळंच काढून टाकू म्हणून सांगितलं. तेव्हा डॉक्टर मुजावरांनी तिला चीनमधल्या चेंगदूच्या एका रुग्णालयाबरोबर नुकत्याच सुरू झालेल्या प्रयोगात घेतलं.

चीनमध्ये या दुखण्यावर पिढ्यान् पिढ्या काढे आणि लेप देत आले आहेत. गाठ दगडासारखी असताना वेगळा काढा, पू धरल्यावर वेगळा, जखम भरताना आणखी वेगळा. कसबी वैद्य नाडी आणि जीभ बघून रोज त्यात फेरफार करायचे. अडचण अशी, की एका वैद्याचा काढा दुसऱ्याशी जुळायचा नाही आणि कशानं गुण आला ते कुणालाच सिद्ध करता यायचं नाही. नव्या यंत्रानं ही अडचण सोडवली होती. छातीला चिकटवायची एक मऊ पट्टी दिवसभर ऊतीचं तापमान, तिचा कठीणपणा आणि घामातली दाहाची रसायनं मोजायची. स्वयंपाकघरात ठेवलेलं, इडलीपात्राएवढं दुसरं यंत्र ते आकडे घेऊन सकाळी त्या दिवसापुरता काढा उकळायचं. त्यात ज्येष्ठमध असायचं, एका पिवळ्या रानफुलाचा पाला असायचा, आणखी कायकाय असायचं. मूळ कृतीत सांबराच्या शिंगाचा डिंकही होता. ते ऐकून केतकीच्या सासूबाईंनी, पद्मावतीबाईंनी कानावर हात ठेवले होते. डॉक्टरांनी हसून ती डबी यंत्रातून काढून टाकली तेव्हा कुठं जैनाच्या घरात ते यंत्र आलं.

पट्टी आणखी एक गोष्ट करायची. जुने चिनी वैद्य सांगत, की माणूस मनातलं मनात दाबतो तेव्हा यकृताचा प्रवाह तुंबतो आणि बाईच्या छातीत त्याची गाठ होते. यंत्र बनवणाऱ्यांना तो प्रवाह मोजता येत नव्हता. पण दाह कधी वाढतो, त्या वेळी बाई काय करत असते आणि आसपास कुणाचा आवाज असतो, हे टिपता येत होतं. काही आठवडे टिपून झाल्यावर पट्टी आपला निष्कर्ष सांगायची. कुणाच्या अहवालात ऑफिसचं नाव येई, कुणाच्या नवऱ्याचं.

केतकीच्या अहवालात रुंजीचं आलं.

घरी पोचली तेव्हा सन्मती पुढच्या सोप्यातच उभा होता. एरवी या वेळी तो तासगावला असायचा. तिथं त्याचं बेदाण्याचं शीतगृह होतं. अहवाल त्याच्याही फोनवर गेला होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच तिला कळलं, की सासूबाईंनाही सांगून झालंय.

"यंत्र आहे ते. चुकतं," ती म्हणाली.

"चुकतं की. पण तूच बघ ना आलेख." तो तिच्या डोळ्यांत बघत नव्हता.

रुंजीनं तिचा आवाज ऐकून आतून हात-पाय झाडायला सुरुवात केली होती. केतकीनं तिला उचललं. पोरीनं सवयीनं तोंड तिच्या गळ्याशी खुपसलं, मग खाली सरकत छातीशी. उजव्या बाजूला आतून कुणी दोरी ओढल्यासारखी कळ आली. रोजच यायची, पण आज केतकीनं त्याच क्षणी मनगटाकडे बघितलं. रेष वर चढत होती. तिनं पोरीला पाळण्यात ठेवलं, खोलीत एक फेरी मारली, पुन्हा उचललं. पुन्हा रेष चढली. पुन्हा ठेवलं. रुंजीला हा खेळ वाटला. ती खुदकन हसली.

पद्मावतीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. वाईट बाई नव्हत्या त्या. गेले कित्येक महिने पोरीचं न्हाऊ-माखू त्याच करत होत्या.

"अंगाला कळतं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आपण मनाची समजूत घालतो. पण अंग परकं ते परकंच ओळखतं. डॉक्टरीणच म्हणाली होती ना, परकं काहीतरी खुपतंय म्हणून?"

केतकीनं पाळण्याला झोका दिला. 

डॉक्टर मुजावर फोनवर वैतागल्या. "कारण हा शब्द भाषांतर करणाऱ्यानं घातलाय. यंत्राला एवढंच कळतं, की दोन गोष्टी बरोबर घडतात. बरोबर घडतात म्हणून एकीमुळं दुसरी होते असं नाही." मग त्या म्हणाल्या, "तरीपण आपण तपासून बघू. पंधरवडाभर बाळ दुसरीकडे राहील का?"

सन्मतीची बहीण सुप्रभा जयसिंगपूरला राहायची. रुंजीचे कपडे, बाटल्या, तिच्या आवडीचं तांबडं झबलं, सगळं भरून सन्मती तिला सोडून आला. केतकी गेली नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली तसं तिनं अंगणातली फरशी धुवायला घेतली. ती सकाळीच धुतलेली होती.

आणि ती बरी होऊ लागली.

हेच सगळ्यात भयंकर होतं. दोन-तीन दिवसांत सूज उतरली. एक छिद्र वाहायचं थांबलं. यंत्र रोज सौम्य काढा देऊ लागलं. सासूबाईंनी मंदिरात जाऊन अभिषेक केला. शेजारणी म्हणाल्या, चेहऱ्यावर टवटवी आली गं. केतकीला त्या टवटवीची लाज वाटायची. ती बसायची नाही कुठं. बागांची जास्तीची कामं घ्यायची, ड्रोनच्या बॅटऱ्या पुसून ठेवायची, जेवताना मध्येच उठून पाळण्यावरची चादर सरळ करून यायची. सुप्रभा वन्स व्हिडिओ कॉल करू का विचारायच्या, तर ही म्हणायची, "नको हो, कामात आहे." बरं होण्याच्या वाटेत कुठून तरी ती पोर आडवी यायला नको, असा विचार आपल्याच मनात आला हे तिला कळायचं, आणि मग ती पुन्हा उठून काहीतरी धुवायला घ्यायची.

असंच एका दुपारी संस्थेतून फोन आला. बोलणाऱ्या बाई फार सभ्य होत्या.

"मॅडम, तुमच्या मिस्टरांनी चौकशी केली होती. आदेश होण्याआधी मूल परत करायचं झालं तर काय करावं लागतं म्हणून. नियम मी त्यांना सांगितलेत. पण तुमचंही म्हणणं ऐकायला हवं ना?"

केतकी तशीच गाडी काढून तासगावला गेली. शीतगृहाच्या दाराशी सन्मती हमालांना खोकी लावायला सांगत होता. तिला बघितल्याबरोबर त्याला कळलं.

"नुसतं विचारलं मी," तो म्हणाला.

"मला न सांगता?"

"तुला सांगितलं असतं तर तू विचारू दिलं नसतंस." तो हमालांपासून बाजूला आला. "केतू, ते सर्जन सगळं काढून टाकू म्हणाले तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. एक बाळ गेलं तेव्हा तू वाचावीस हेच मी देवाकडं मागून घेतलं होतं. आता परत नाही माझ्यात तेवढा जीव. ती पोर गोड आहे, मला काय कळत नाही होय? पण ती दुसऱ्या कुणाच्या घरी सुखानं वाढेल. मला दुसरी तू कुठनं मिळणार?"

तिला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं. पण छातीतली कळ थांबलेली होती, जखम भरत होती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं नि तिलाही. ती गाडीत बसून परत आली.

घरी कुणी नव्हतं. सासूबाई प्रवचनाला गेल्या होत्या. केतकीनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि सुप्रभाला कॉल लावला.

पडद्यावर आधी नुसता पंखा दिसला, मग सुप्रभाचा घामेजलेला चेहरा. "बरं झालं केलास. सकाळधरनं रडायलीय. बाटली तोंडात धरत नाही. थांब, दाखवते."

रुंजी लाल झाली होती. तोंड उघडून, डोळे गच्च मिटून रडत होती. तिची ती घशातली गुणगुण कुठंच नव्हती.

"रुंजे," केतकी म्हणाली. "ए रुंजे, इकडं बघ."

रडणं थांबलं. डोळे उघडले. पोर आवाज शोधू लागली, आणि तो कुठंच सापडेना म्हणून पुन्हा दुप्पट जोरात रडली.

केतकीच्या छातीत दोरी ओढली गेली. उजवीकडे, आणि नेमकी तशीच डावीकडेही. मनगटावरचं घड्याळ थरथरलं. तिनं बघितलं, रेष चढत होती. पोर जयसिंगपूरला होती, तिचा श्वाससुद्धा इथवर पोचत नव्हता, आणि रेष चढत होती.

मग तिला कुडत्यावर डाव्या बाजूला ओल लागली. डावी बाजू तर निरोगी होती. तिनं घाबरून कुडता बाजूला केला. पू नव्हता. पाण्यासारखं, जरासं दुधट काहीतरी थेंबाथेंबानं येत होतं. तिनं बोटावर घेऊन वास घेतला, मग जिभेला लावलं.

गोडसर होतं.

"वैनी?" सुप्रभा म्हणत होती. "वैनी, काय झालं? तूपण रडायलीस काय?"

"वन्स, तिचं सामान भरू नका," केतकी म्हणाली. "नुसती तिला तयार ठेवा. मी निघाले."

जयसिंगपूरहून थेट डॉक्टर मुजावरांच्या खोलीत ती शिरली तेव्हा रुंजी तिच्या खांद्यावर झोपी गेली होती आणि कुडत्यावर दोन्ही बाजूंना डाग होते. डाव्या बाजूला दुधाचा आणि उजव्या बाजूला भरत आलेलं छिद्र पुन्हा फुटल्याचा.

"दूध उतरवणारं संप्रेरक तुम्ही तपासलं होतं का?" केतकीनं खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात. या दुखण्यात बघतोच आम्ही ते. ठीक होतं."

"त्या वेळी मी एकटी आले होते. हिला घरी ठेवून."

डॉक्टर खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी नर्सला बोलावलं. रुंजीला नर्सकडे देऊन केतकीला शेजारच्या खोलीत शांत पडायला सांगितलं आणि रक्त घेतलं. त्यानंतर पोरीला उठवून तिच्या छातीशी दिलं. पोरीनं नेहमीसारखं तोंड खुपसलं. थोड्या वेळानं पुन्हा रक्त घेतलं. पहिला आकडा जेमतेम वरच्या मर्यादेला टेकत होता. दुसरा त्याच्या कितीतरी पट होता.

चेंगदूच्या डॉक्टर शू पडद्यावर आल्या. पांढऱ्या केसांच्या, बारीक अंगाच्या बाई होत्या. त्यांनी आकडे बघितले, केतकीकडे बघितलं, रुंजीकडे बघितलं आणि चिनीत एक वाक्य बोलल्या. भाषांतराचा आवाज म्हणाला, "आम्ही दाबलेला राग शोधत होतो."

मग डॉक्टर मुजावरांनी समजावून सांगितलं. आधीच्या बाळंतपणात सातव्या महिन्यापर्यंत दूध बनवायची तयारी झालेली होती. बाळ गेलं, ग्रंथी निजल्या. रुंजी आली, अंगाशी झोपू लागली, तोंड लावू लागली, तसं मेंदूनं त्या ग्रंथींना पुन्हा हाक मारली. डावीकडे दूध थेंब-थेंब साचून जिरत राहिलं. उजवीकडच्या नळ्या मात्र कधीतरी आखडून बंद झाल्या होत्या. तिथं दूध बाहेर यायला वाट नव्हती; ते नळ्यांच्या भिंतींतून आजूबाजूला झिरपलं.

"नळीत असतं तोवर दूध आपलं," त्या म्हणाल्या. "नळीबाहेर सांडलं की राखणदार पेशी ते ओळखत नाहीत. त्यांनी कडं केलं ते दुधाभोवती. बाळ लांब गेलं, दूध थांबलं, गाठी बसल्या. यंत्रानं बघितलं ते सगळं खरंच होतं."

"म्हणजे माझ्या अंगानं..." केतकीनं रुंजीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुमच्या अंगानं हिला जन्म दिल्यासारखंच धरलं होतं. आम्हालाच ते कळायला एवढे महिने लागले."

उपाय सोपा होता. दूध आटवणारी गोळी, आणि डॉक्टर शूंच्या वैद्यकातलं जुनंच औषध: मोड आणून, वाळवून, खरपूस भाजलेल्या सातूचा काढा. लेप चालूच ठेवायचा. फक्त दूध आटेपर्यंत बाळाला आणखी काही दिवस लांब ठेवलं तर फार लवकर गुण येईल, असं डॉक्टर शूंचं मत पडलं.

"आणि जवळ ठेवलं तर?"

"वेळ लागेल. दुखेल. आणखी एखादी गाठ फुटेल."

"फुटू दे," केतकी म्हणाली. मग तिनं बराच वेळ मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "डाव्या बाजूचं हिला एकदा पाजलं तर चालेल?"

डॉक्टर मुजावरांनी मान हलवली. "एवढ्या औषधांचा अंश त्यात उतरतो. नको."

केतकीनं पोरीचं तोंड छातीपासून अलगद बाजूला केलं आणि तिला खांद्यावर घेतलं.

घरी सन्मती आणि पद्मावतीबाई दोघंही दारात उभे होते. सुप्रभानं फोन केला असणार. केतकी पायऱ्या चढून वर आली, रुंजीला सासूबाईंच्या हातात दिलं आणि त्यांचा दुसरा हात धरून आपल्या कुडत्याच्या ओल्या डागावर ठेवला.

"दूध आहे, आई."

पद्मावतीबाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांचा हात तिथंच थिजला. त्यांनी पोरीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि मटकन पायरीवर बसल्या.

"पान्हा फुटला तुला," त्या म्हणाल्या. "आणि मी काय बोलून बसले गं."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच सातू भिजत घातले. नाचणीचं सत्त्व करायची सवय होती, त्यामुळं मोड कसे आणायचे ते त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. चिकोडीला त्यांच्या माहेरी दूध आटवायला मोगऱ्याची फुलं छातीला बांधत. त्यांनी तीही आणली. डॉक्टर मुजावर म्हणाल्या, काही अपाय नाही, बांधा. घरभर भाजलेल्या सातूचा आणि मोगऱ्याचा वास भरून राहिला.

सन्मतीशी केतकी बरेच दिवस कामापुरतंच बोलली. त्यानं संस्थेला फोन करून आपली चौकशी मागं घेतली, ते तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तो रुंजीला फिरवून आणायचा, बाटल्या उकळायचा, केतकीच्या जखमेचं ड्रेसिंग बदलताना तोंड घट्ट मिटून घ्यायचा. एकदा ती कळवळली तेव्हा म्हणाला, "मी घाबरलो होतो गं." ती म्हणाली, "मीपण. मी तर बरी होत होते म्हणून घाबरले होते." त्यानं मान खाली घातली आणि कापूस नीट बसवला.

डॉक्टर शू म्हणाल्या होत्या तसंच झालं. आणखी एक गाठ आली, फुटली, वाहिली. ताप आला. उन्हाळा सरला, पाऊस अर्धा झाला, तेव्हा कुठं छिद्रं भरली आणि उजव्या बाजूला बोटभर खड्डा तेवढा राहिला. दत्तकाचा आदेशही मधल्या काळात झाला. आदेश देणाऱ्या अधिकारीबाईंनी वैद्यकीय अहवाल चाळला, दाहाच्या कारणापाशी थांबून भुवया उंचावल्या, आणि मग डॉक्टर मुजावरांनी शेजारी लिहिलेला खुलासा वाचून त्यांनी डोळ्यांचा चष्मा काढून पुसला होता.

शेवटच्या तपासणीला, रुंजीला घरी आजीपाशी ठेवून, सन्मती केतकीला मिरजेला घेऊन गेला. तो गाडीतच थांबला. ती आली, शेजारी बसली, पट्टा लावला.

"काय म्हणाल्या?"

"पट्टी काढली. आता काही नाही." तिनं ओठ आवळले. "पूर्ण आटलं म्हणाल्या. थेंबसुद्धा नाही."

"मग बरी झालीस की तू!" तो तिच्याकडे वळला आणि हसता हसता थांबला. ती दोन्ही हात छातीवर आडवे धरून रडत होती. आवाज न करता, दवाखान्यातून निघालेल्या माणसांकडे बघत.

त्यानं किल्लीवरचा हात काढून घेतला. समजूत घालायला गेला नाही, कारण विचारायलाही नाही. तिचा हुंदका ओसरेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले. पलीकडच्या झाडाखाली एक नारळवाला दोनदा त्यांच्याकडे बघून गेला.

मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"चल," ती म्हणाली. "भूक लागली असेल तिला."